खाट धरून बसलेला माणूस

आता आमच्या सरकारी दवाखान्यात मनाच्या आजाराचा वेगळा वॉर्ड आहे. खाटा आहेत, डॉक्टर रोज येतो, आणि औषधाच्या खिडकीतून कुणी ‘पुढच्या आठवड्यात या’ म्हणालं, तर रांगेतल्या बायका त्याला सोलून काढतात. लोक म्हणतात, हे सगळं दवाखान्याच्या तेव्हाच्या मोठ्या साहेबांनी आणलं. साहेबांनी कपाळ आणलं! त्यांच्यावर सोडलं असतं तर तिथे आजही मोडक्या खुर्च्यांचं गोदामच असतं. हे आणलं माझ्या दादाने. दादा वेल्डर आहे, त्याचा डावा कान अर्धाच आहे, आणि गावातले निम्मे लोक अजूनही त्याला वेडा म्हणतात. म्हणू देत. कसं आणलं ते मी सांगते, कारण तो स्वतः काही सांगायचा नाही. त्याला बोलतं करणं म्हणजे गंजलेला बोल्ट सोडवण्यातला प्रकार आहे.

आम्ही तीन भावंडं. दादा थोरला, मी मधली, आणि बाळ्या शेंडेफळ. आई-वडील लवकर गेले. खाली वर्कशॉप, वर आमच्या खोल्या. दादा लोखंड जोडायचा, बाळ्या मोजमापं घ्यायचा, मी तयार मालाला गंज चढू नये म्हणून रेडऑक्साइडचा लाल रंग मारायचे आणि टेम्पोतून पोचवायचे. टेम्पो मीच चालवते, त्यावरून कुणाला काही म्हणायचं असेल तर तोंडावर म्हणावं. घरातल्या सगळ्या शिव्या माझ्या एकटीच्या वाट्याला आल्या आहेत. दादाच्या बुटात ठिणगी शिरली तरी तो नुसता ‘अरे’ म्हणतो आणि बूट काढतो.

बाळ्या विशीत आला आणि त्याला आजार जडला. औषध चालू असलं की बाळ्यासारखा गोड माणूस शोधून सापडणार नाही. मला चिडवायचा, गिऱ्हाइकांच्या नकला करायचा, टेप न लावता खिडकीचं माप सांगायचा आणि ते बरोबर निघायचं. औषध तुटलं की आधी झोप जायची. मग त्याला आवाज ऐकू यायचे आणि ते आवाज त्याचे कान भरायचे, आमच्याविरुद्ध. पहिल्यांदा झालं तेव्हा त्याने माझं डोकं जिन्याच्या कठड्यावर आपटलं. दवाखान्यात फोन केला, तर ते म्हणाले पोलिसांना सांगा, आमच्याकडे न्यायला माणसं नाहीत. पोलीस आले. त्यांनी त्याला दोरीने आवळला आणि पायांना धरून जिन्यावरून खाली ओढला. प्रत्येक पायरीवर त्याचं डोकं आपटत होतं आणि ते एकमेकांत हसत होते. परत दिला तेव्हा त्याचं नाक मोडलेलं होतं, आणि तळव्यांवर इतकं मारलं होतं की त्याला उभं राहवत नव्हतं.  दादा खाली गेला आणि बाळ्याच्या खोलीसाठी जाळीचं दार बनवायला घेतलं. पुन्हा पोलिसांच्या हातात त्याला द्यायचं नाही, एवढं त्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

असल्या गोष्टी कशा पसरतात कोण जाणे. हळूहळू लोक दादाकडे तसल्या दारांसाठी यायला लागले. सगळं जग दाराची कडी आतून मागतं, ही माणसं बाहेरून मागायची. दादाला तेवढ्यावरून कळायचं. तो विचारायचा नाही आणि ते सांगायचे नाहीत. कुणी म्हणायचं सामानाची खोली आहे, कुणी म्हणायचं कुत्रा चावरा आहे. मी रंग मारायला जायचे तर आतून कुत्रा माझ्याकडे बघून पाणी मागायचा. आणि दादाचं काम म्हणजे काम असतं हो. गजाला गज चिकटून, जोड असा पक्का की दार तुटायच्या आधी भिंत पडेल.

बाजाराच्या मागच्या बोळात शिवणकाम करणाऱ्या एक काकू राहतात. त्यांच्या मुलीसाठीही दादानेच तसलं दार बसवलं होतं. ती भरकटत निघून जायची आणि रस्त्यावरची माणसं कशी असतात ते काही मला सांगायला लावू नका. काकू शिवलेले कपडे पोचवायला गेल्या होत्या, किल्ली त्यांच्या कमरेला. इस्त्री चालू राहिली. कापडाने पेट घेतला, मग गादीने. बोळातली माणसं दादाला बोलवायला धावत आली, कारण दार कुणाचं आहे ते सगळ्यांना माहीत होतं. दादा कटर घेऊन पळाला. तिथे जाऊन बघतो तर शेजाऱ्यांनी शहाणपणा करून अख्ख्या बोळाची वीज बंद केलेली, आणि कटर विजेवर चालतो. मग घण आणि छिन्नी. मी मागोमाग पोचले तेव्हा तो आपल्याच जोडावर घण घालत होता आणि जोड हलत नव्हता. आत ती पोर दोन्ही हातांनी गज धरून उभी होती. गज तापले तरी तिने ते सोडले नाहीत, तिला सोडता येत नव्हते. दादा तिला सांगत होता, झालं, झालं, आता तुटेल. काकू किल्ली घेऊन आल्या आणि त्यांनी ते लालबुंद कुलूप उघड्या हातांनी धरलं. दार उघडलं तेव्हा ती ओरडायची थांबली होती. काकूंच्या दोन्ही तळव्यांची कातडी कुलपाला चिकटून राहिली.

दादा घरी आला आणि त्याने बाळ्याच्या खोलीचं जाळीचं दार कापून काढलं. बाळ्या तेव्हा बरा होता, औषध नीट मिळत होतं. त्याने भिंतीतली भोकं बुजवली आणि वरून रंगही मारला. मी दोघांसाठी चहा ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन तोंडावर टॉवेल दाबून रडले.

त्या दिवसानंतर दादाने बाहेरून कडीचं एकही दार केलं नाही. उलट, जिथे जिथे बसवलं होतं तिथे तो जायला लागला. ज्याला दुकानात गिऱ्हाइकाशी धड बोलता येत नाही, तो माणूस दारोदार उभा राहून सांगायचा, की कोंडून ठेवू नका, आपण सगळे मिळून दवाखान्यात जाऊ आणि औषध मागू, डॉक्टर मागू. लोकांना केवढा राग आला! अब्रूचा प्रश्न होता ना. आमच्याकडे तसलं कुणी नाही म्हणून तोंडावर दार आपटायचे. दादा म्हणायचा, दार मीच बसवलंय. एका बापाने त्याला जिन्यावरून ढकलून दिलं. एका घरातल्या थोरल्या मुलाने तर हॉकी स्टिकने त्याच्या बरगड्या मोडल्या. पट्टा बांधून दादा दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच दारात. मी म्हणाले, तुला मरायची हौस आहे का. तो म्हणाला, पोर मेली ना.

मग काकू त्याच्याबरोबर निघाल्या आणि चित्र पालटलं. त्यांचे दोन्ही हात पट्ट्यांत गुंडाळलेले, त्यामुळे त्या कोपराने दार ठोकायच्या. दार उघडलं की ते हात समोर धरायच्या आणि एवढंच म्हणायच्या, “माझी जळली. तुमची अजून आहे. चला.” त्यावर कुणाला दार लावता आलं नाही. आधी आया आल्या, मग बहिणी, मग बायका. बाप सगळ्यांत शेवटी आले, ते ठरलेलंच.

आमच्या दवाखान्यात तेव्हा या आजाराचा डॉक्टर आठवड्यातून एकदा यायचा, म्हणजे यायचा असं फळ्यावर लिहिलेलं होतं. औषधाची खिडकी वेळेवर उघडायची, पण औषधं त्याच्या आधीच संपलेली असायची. आम्ही सगळे दर आठवड्याला त्याच दिवशी जाऊन मोठ्या साहेबांच्या खोलीबाहेर बसायला लागलो. मोठे साहेब म्हणजे दवाखान्याचे मुख्य डॉक्टर. आमची मागणी काही चंद्र आणून द्या अशी नव्हती. औषध खंड न पडता द्या, डॉक्टर रोज आणा, माणूस बिथरला तर न्यायला पोलिसांऐवजी दवाखान्याची माणसं पाठवा, आणि इथेच थोड्या खाटा ठेवा. साहेबांनी पहिल्यांदा चहा पाजला. दुसऱ्यांदा वर कळवलंय म्हणाले. तिसऱ्यांदा त्यांची खुर्ची रिकामी, आणि मागच्या दाराने त्यांची गाडी निघताना मी स्वतः पाहिली. वाटाण्याच्या अक्षता लावण्यात त्या माणसाचा हात कुणी धरणार नाही.

आम्ही हटलो नाही, मग चहा बंद झाला आणि काठ्या आल्या. दवाखान्याच्या पायऱ्यांवर, आजारी माणसं बघत असताना, पोलिसांनी आयांना मारलं. एका म्हातारीचा हात मनगटाशी तुटला आणि तो बांधायला तिला त्याच दवाखान्यात रांगेत उभं केलं. माझ्या पाठीवर वळ उठले. मी त्या पोलिसाच्या मनगटाला चावले, त्याचं मला अजून समाधान आहे. दादा कुणावर हात उचलायचा नाही. बायकांच्या पुढे जाऊन उभा राहायचा आणि मार खायचा. वर्ष उलटून गेलं असंच.

आणि मग औषध पूर्णच बंद झालं. खिडकीवरच्या माणसाने सांगितलं, वरूनच आलेलं नाही. बाहेरच्या दुकानांतही ते औषध नव्हतं. आम्ही टेम्पो घेऊन आजूबाजूची गावं पालथी घातली. बाळ्या रोज आम्ही परत यायची वाट बघत दारात उभा असायचा. मग उभा राहायचा बंद झाला. मग झोपायचा बंद झाला.

त्या दिवशी सकाळी दादा वेल्डिंग करत होता, डोळ्यांवर मास्क. बाळ्याला वाटलं, तो निळा उजेड दादा मुद्दाम त्याच्या डोक्यात सोडतोय. त्याने मागून येऊन लोखंडी पट्टी दादाच्या खांद्यावर घातली. दादा पडला. बाळ्या त्याच्या छातीवर बसला, मास्क ओढून फेकला आणि दादाचा कान दातांत धरला. मी त्याचे केस ओढले, त्याच्या पाठीत बुक्क्या घातल्या, शेवटी बादलीतलं पाणी त्याच्या नाकातोंडात ओतलं तेव्हा त्याने जबडा उघडला. अर्धा कान जमिनीवर पडला होता. दादा त्याही स्थितीत मला ओरडून सांगत होता, त्याला लागेल असं मारू नकोस.

आम्ही दोघांनी त्याला कसाबसा जिन्यावरून वर ओढून त्याच्या खोलीत लोटला आणि दाराला पाठ लावून उभे राहिलो. आतून तो लाकडी दार फोडत होता, फळी चिरत चालली होती. आता पोलिसांना बोलवायचं, नाहीतर… नाहीतर काय, ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. जाळीचं दार खाली भंगारात पडलेलं होतं. मी पाठ लावून धरलं आणि दादाने ते आणि वेल्डिंगचं मशीन वर आणलं. मी ते लोखंडी चौकटीला धरलं आणि त्याने जोडायला घेतलं. कानातून रक्त गळत होतं, ते तापलेल्या लोखंडावर पडून चरचरत होतं. फळी तुटली आणि जाळीपलीकडे बाळ्याचा चेहरा दिसला. तो आता ओरडत नव्हता. ठिणग्यांपलीकडून दादाकडे टक लावून बघत होता आणि दादा मास्क घालायला विसरून जोडत होता. मी आयुष्यात पुष्कळ मार पाहिला आहे, पण तसलं काही पुन्हा बघायची माझी ताकद नाही.

डोक्याला पट्टी बांधून दादा तसाच दवाखान्यात गेला. मी बाळ्याजवळ थांबले, काकू त्याच्याबरोबर गेल्या. पुढचं मला त्यांनीच सांगितलं. दादाने साहेबांना म्हटलं, आज मला बाकी काही नको, माझ्या भावाला एक खाट द्या, तो मरेल नाहीतर मारेल. साहेब म्हणाले, इथे तशी सोयच नाही. शहरातल्या मोठ्या मनोरुग्णालयात सगळ्या खाटा भरलेल्या असतात, मी पत्र पाठवतो, नंबर लागेल. तोपर्यंत त्याला घरीच सुरक्षित ठेवा.

सुरक्षित ठेवा! ज्या माणसाने उभ्या आयुष्यात कुणावर हात उचलला नव्हता, त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हातोडी त्याच्या पट्ट्याला असतेच, कामाची सवय. त्याने ती काढली आणि साहेबांच्या टेबलाची काच फोडली. मग फोन, मग कपाटाची दारं, मग कॉम्प्युटर. साहेबांची कॉलर धरून त्यांना बाहेर ओढत आणलं, त्यांचं डोकं औषधाच्या बंद खिडकीवर दाबलं आणि म्हणाला, उघडा. ती उघडेना तशी त्याने खिडकीच फोडली. आतले खण रिकामे होते. तोवर पहारेकरी आले, पोलीस आले. दादाला खाली पाडून त्यांनी इतकं तुडवलं की काचांवर त्याची पाठ घासत गेली. दोरीने हातपाय बांधून कंबरेत इंजेक्शन दिलं.

आणि मग साहेबांची अक्कल चालली. तुरुंगात टाकला असता तर तो आंदोलनाचा माणूस झाला असता, त्याच्यामागे माणसं उभी राहिली असती. त्यांनी त्याला वेडा ठरवला. म्होरक्याच वेडा म्हटल्यावर मागणीचं काय उरलं? कागद तयार झाला, सही झाली, गाडी आली. ज्यांच्याकडे न्यायला माणसं नव्हती त्यांच्याकडे आता माणसंही होती आणि गाडीही. जिथे सगळ्या खाटा भरलेल्या असतात, तिथे दुपारच्या आत खाट निघाली. शहाण्या माणसासाठी. काकू हे सांगताना हसत होत्या आणि मला त्यांच्या हसण्याची भीती वाटली.

मला त्याला भेटू दिलं तोवर काही दिवस गेले. बाळ्याजवळ काकूंना बसवून मी शहरात गेले. मनोरुग्णालय म्हणजे लांबच लांब इमारत, फिनेलचा वास आणि लोखंडी खाटांच्या रांगा. दादाचं डोकं भादरलेलं, अंगावर तिथले ढगळे कपडे, मनगटांवर दोरीचे काळेनिळे व्रण. मला वाटलं खचला असेल. तर पहिलं वाक्य काय बोलला, म्हणे, या खाटांचं वेल्डिंग अगदीच भिकार आहे.

तिथली डॉक्टर तरुण मुलगी होती. तिने दोन दिवसांत ओळखलं होतं की या माणसाला काहीही झालेलं नाही. तिने सांगितलं, तुम्ही घरी जा, मी लिहून देते. तर हा खाटेवरून उठेना. पहारेकऱ्यांनी ओढलं तर याने खाटेच्या गजांत हातपाय अडकवले. वेल्डरची पकड ती, सुटते थोडीच. त्यांनी त्याची बोटं एक एक करून उलगडायचा प्रयत्न केला, त्यात करंगळी मोडली. पोटात गुडघे घातले. त्याने खाट सोडली नाही. शेवटी तीच त्याच्या शेजारी बसली आणि विचारलं की बाबा, तुला हवंय तरी काय. सगळी माणसं इथून बाहेर पडायला धडपडतात.

दादा म्हणाला, “ही खाट माझ्या भावाची आहे. मी नुसती त्याची जागा धरून बसलोय. तो आला की उठतो.”

बसमध्ये रुमाल टाकून जागा धरतात ना, तसं अगदी. ती आधी हसली म्हणे. मग तिने सगळं विचारून घेतलं आणि तिचं हसू गेलं. दादाला इथे कुणाच्या सहीने आणि किती घाईने पाठवलं, ते तिने जसंच्या तसं लिहून वर पाठवलं. पुढे त्याच कागदावरून चौकशी लागली, साहेबांची उचलबांगडी झाली, आणि आमचा वॉर्ड त्यातूनच झाला. पण ते सगळं पुढचं. त्या दिवशी आम्हाला वॉर्ड नको होता. एक खाट हवी होती. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाली, पेशंट माझ्यासमोर आला आणि खाट रिकामी असली, तर मला कुणी अडवू शकत नाही. पण आजच आणा. उद्या माझे वरिष्ठ सुट्टीवरून येतायत, ते आधी ही खाट रिकामी करून घेतील.

मी टेम्पो हाणत घरी आले. दाराच्या जोडावर कटर लावला. काकू म्हणाल्या, त्याला काय सांगणार? दवाखान्यात चल म्हटलं असतं तर तो कधीच आला नसता. त्याच्या मते आजारी आम्ही होतो, तो नाही. मग मी खोटं बोलायच्या ऐवजी खरंच सांगितलं. म्हटलं, बाळ्या, दादाला कोंडून ठेवलाय. त्याला सोडवायला माझ्याबरोबर कुणीतरी पाहिजे.

दार खाली पडलं आणि तो बाहेर आला, आणि आल्याबरोबर माझ्या तोंडावर ठोसा मारला. समोरचे दात गेले ते त्यात. बोलताना शिट्टी वाजते ती त्यामुळेच, हसायचं असेल तर हसा. मारल्यावर तो थांबला, आपल्या मुठीकडे बघितलं आणि म्हणाला, कुठे आहे दादा. मी तोंडातलं रक्त थुंकून म्हटलं, बस गाडीत.

मी चालवायला, तो मध्ये, काकू पलीकडे दाराला पाठ लावून. गावाबाहेर पडेपर्यंत तो समोरच्या रस्त्याकडे बघत होता. नाक्यावर पोलिसांची गाडी दिसली आणि त्याचा तोल गेला. त्याने काच फोडली लाथेने. स्टिअरिंगला हात घातला आणि टेम्पो रस्ता सोडून खडीच्या ढिगावर चढला. काकूंनी त्याला आपल्या त्या आकसलेल्या हातांनी कमरेला मिठी मारून धरलं. त्याने कोपर मागे हाणलं, काकूंच्या भुवईवरची कातडी फाटली, रक्त डोळ्यांत उतरलं तरी मिठी सुटली नाही. त्या त्याच्या पाठीवर डोकं टेकून आपल्या मुलीचं नाव घेत होत्या. मी त्याच्या कानशिलात वाजवली, एकदा नाही, हात दुखेपर्यंत, आणि ओरडले, “मर ना मग! तिकडे दादा खाट धरून बसलाय तुझ्यासाठी, आणि तू इथे मर!” तो हमसाहमशी रडायला लागला. मी टेम्पो मागे घेतला. पुढचा सगळा रस्ता फुटलेल्या काचेतून वारा तोंडावर येत होता आणि माझ्या हिरड्या ठणकत होत्या.

आम्ही वॉर्डाच्या दारात पोचलो तेव्हा तिघांचेही कपडे रक्ताने भरलेले होते. दादा आम्हाला बघून खाटेवरून उठला, पण एक हात त्याने खाटेच्या दांडीवर तसाच ठेवला. त्याला धड उभं राहता येत नव्हतं. दारावरचा पहारेकरी नुकताच कामावर आलेला होता. त्याने भादरलेल्या डोक्याच्या दादाकडे बघितलं, बाळ्याकडे बघितलं, माझ्या तोंडाकडे, काकूंच्या कपाळाकडे. दोघं भाऊ दिसायला सारखेच आहेत. हातात दोरी घेऊन तो वैतागून म्हणाला, यातला पेशंट कोण आहे?

 पेशंट म्हटलं की बाळ्या काय करतो ते मला माहीत होतं. आमच्या मागचं दार उघडं होतं आणि पलीकडे मोठा रस्ता होता. दांडी न सोडता दादा एक पाऊल पुढे सरकला. पहारेकऱ्याला वाटलं हाच तो, म्हणून तो दोरी घेऊन दादाकडे वळला.

बाळ्या मधे जाऊन उभा राहिला. दादाच्या मनगटांवरच्या व्रणांकडे, मोडक्या करंगळीकडे, पट्टीखालच्या कानाकडे तो किती वेळ बघत होता. मग त्याने आपले दोन्ही हात पुढे केले.

“मी आहे,” तो म्हणाला. “त्याला घरी जाऊ द्या.”

दोरीची गरज पडली नाही. तो आपण होऊन खाटेवर बसला, आणि दादाने दांडीवरचा हात काढला.